भाऊ, आधी स्वतःची खबर घे

पैठण

चि. भाऊस,


वहिनीचा फोन आला होता. ताईला सांगू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी तिने सांगितलं आणि बरं केलं. तिसरी पाळी करून घरी आलास की छातीत दाटतं, धडधड थांबत नाही, अंथरुणावर पडलास तरी डोळा लागत नाही. लेकरांनी टीव्हीचा आवाज वाढवला की अंगावर धावून जातोस आणि मग स्वतःच बाथरूमचं दार लावून बसतोस. ईसीजी काढला, नॉर्मल आला. रक्त तपासलं, तेही नॉर्मल. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू आहेत. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मला काही झालेलं नाही. आता बोललो तर लोक म्हणतील नाटक करतोय," असं तू तिला म्हणालास. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

फोनवर तू "बरंय ताई" म्हणून विषय संपवतोस. पत्रात मला माझं सगळं बोलून होईल. आणि हे पत्र मी छापायला देणार आहे. तुझं नाव त्यात नाही, पण तुझ्यासारखी माणसं वाळूजच्या बजाजनगरात गल्लोगल्ली आहेत. मागच्या वेळी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा सकाळी दूध आणायला मोरे चौकाकडे जायचे. दर चार घरांआड एखाद्या खिडकीला आतून चादर नाही तर वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसायचं. आत कुणीतरी रात्रभर मशीनपाशी उभं राहून आलेलं असायचं आणि दिवसाउजेडी झोपण्याची धडपड करत असायचं. त्या चादरींमागच्या सगळ्यांसाठीही हे आहे.

तुझं दुखणं खरं आहे, हे सगळ्यात आधी सांगते. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. अपघात विभागात रात्री-अपरात्री छाती धरून आलेली धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. ईसीजीची पट्टी नॉर्मल यायची, रक्तातलं ट्रोपोनिन निगेटिव्ह यायचं आणि घरचे म्हणायचे, "काही नाही, मनाचं आहे." जणू मन हे शरीराच्या बाहेर, अंगणात ठेवलेलं असतं! भीती वाटली की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या इवल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं होतं, तळहात घामेजतात, पोट पचन थांबवतं. वाघ समोर असेल तर हे उपयोगाचं आहे, पळता येतं. पण वाघ नसताना, नुसत्या टार्गेटच्या, हप्त्याच्या, कंत्राट संपण्याच्या धास्तीने रोज रात्री हेच होत राहिलं तर रक्तदाब चढतो, झोप जाते, पोट बिघडतं. रिपोर्ट नॉर्मल असणं चांगलंच आहे. त्याचा अर्थ हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं त्या वेळी दिसलं नाही इतकाच. तुला त्रास नाही असं तो कागद म्हणत नाही.

आता मी तुला एका अशाच माणसाची लक्षणं सांगते. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, रोमांच उभे राहिले, कातडीची आग व्हायला लागली, हातातली वस्तू निसटली, उभं राहवेना, डोकं गरगरायला लागलं. अपघात विभागात हा माणूस आला असता तर मी त्याला लगेच पलंगावर घेऊन नाडी धरली असती. हा अर्जुन आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याने हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे. एवढा मोठा ग्रंथ सुरू होतो तो एका शूर माणसाच्या शरीराच्या तक्रारीपासून. कृष्णाने पुढे त्याला खडसावलं, पण "तुला काही झालेलं नाही" असं म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग बोलायला लागला. अर्जुनाचा तो विषाद टाकून न देता त्याला अध्यायाचा मान दिला गेला. आणि ही गीता मराठीत आली ती तुझ्या त्या नगर रोडवरच. वाळूज ओलांडून पुढे गेलास, नेवासा फाट्याहून आत वळलास की प्रवरेकाठी तो खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानोबांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो. तू या रस्त्याने कितीदा पुण्याला गेलास. एकदा थांब तिथे.

आपले आप्पा गेल्यानंतर तू म्हणालास, "माझा देवावरचा विश्वास उडाला." मी तेव्हा काही बोलले नाही. आजही त्यावर वाद घालणार नाही. माझा विश्वास आहे आणि तो मला पुरतो. पण तुला जे सांगायचं आहे त्याला आधी विश्वास लागत नाही. अध्यात्म म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर मोठमोठे मंडप, पादुका, देणग्यांची पावती येते. माझ्या मनात येतात ते आपले संत, आणि ते सगळे कामकरी होते. गोरोबाकाका माती तुडवायचे, सावता माळी मळा शिंपायचे, नरहरी सोनार दागिने घडवायचे, सेना न्हावी वस्तरा चालवायचे, चोखोबांनी तर गावकुसाच्या बाहेरून सगळं सोसत नाम घेतलं. काम सोडून रानात जा, असं यांतल्या कुणी सांगितलं नाही. हात कामात असताना आपलं मन कुठे आहे याची खबर ठेव, एवढंच त्यांचं मागणं. आत्मभान म्हणतात ते हेच.

आपल्या एकनाथांचीच गोष्ट घे. लहान वयात ते पैठणहून देवगडला, म्हणजे तुझ्या घरापासून जवळच असलेल्या देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी किल्लेदार होते, पूर्णवेळ नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. गोष्ट अशी सांगतात की एका रात्री हिशेबात एका पैची चूक लागेना, नाथ दिवा लावून रात्रभर वह्या उलटत राहिले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी म्हणाले, पैच्या चुकीचा एवढा आनंद, मग संसारात झालेली चूक सापडली तर केवढा होईल! ही गोष्ट कीर्तनात मी लहानपणापासून ऐकली, पण तुझं काम पाहिल्यावर ती मला खरी समजली. तू क्वालिटीत आहेस. पार्ट हातात आला की मायक्रोमीटर लावतोस, केसाच्याही एका भागाएवढा फरक तुला चालत नाही, तिथल्या तिथे बाजूला काढतोस. पाळी संपेपर्यंत डोळ्यात तेल घालून तू दुसऱ्याच्या मालाची पारख करतोस. त्याच माणसाला, आज मी चिडलो ते नेमकं कशाने, छातीत दाटलं ते कुठल्या विचारानंतर, तंबाखूची पुडी काढली ती भुकेने की धास्तीने, हे विचारलं तर सांगता येत नाही. ते गेज तू स्वतःला कधी लावलंच नाहीस. मी दोष देत नाही. कुणी आपल्याला ते शिकवलंच नाही, विशेषतः पुरुषांना. त्यांना एकच शिकवलं, रडू नको.

रडू नको असं सांगणाऱ्यांना तुकोबांकडे पाठवायला हवं. १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, घरात अन्नान्नदशा, पहिली बायको रखमा गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. आज कुणावर हे ओढवलं तर त्याला आपण लगेच समुपदेशकाकडे नेऊ. तुकोबा भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसले. पण तिथून त्यांनी जे आणलं त्यात कितीतरी अभंग स्वतःच्या मनाची झडती घेणारे आहेत. भीती, लाज, राग, शंका, काहीही लपवलेलं नाही. देवाशी भांडणही केलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत सांगतो की माझं मन मला आवरत नाही, आणि तू बाथरूमचं दार लावून घेतोस. आणि जांब गावचे आपले समर्थ? मनाच्या श्लोकांत त्यांनी दोनशे पाच श्लोकांभर मनाला समोर बसवलं, हाक मारली, समजावलं. मनाशी बोलायचं तर मनापासून हातभर दूर व्हावं लागतं. त्या हातभर अंतरात माणसाला श्वास घेता येतो. "मी संपलो" आणि "मी संपलो असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे" या दोहोंत किती फरक आहे ते एकदा करून पाहा. पहिल्याने तू बुडतोस, दुसऱ्यात तू काठावर उभा असतोस.

मानसोपचारातही आज हेच वापरतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो त्याने भावना बिघडते, असा तिचा पाया. कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली, रुजवली. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था चालवणारे डॉ. आनंद नाडकर्णी तर हा विचार आणि आपली संतपरंपरा, गीता हे सगळं एकमेकांशेजारी ठेवून बोलतात. तुला त्यांची व्याख्यानं मोबाइलवर ऐकता येतील. रील्स पाहण्यापेक्षा ती ऐक. अर्थात झोपेच्या वेळी तीही नको.

आता हाताने करायची गोष्ट. हे वाचता वाचता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची दोन बोटं ठेव. दाबू नकोस, नुसती टेकव. ठोका लागला? आता नाकाने हळू श्वास घे आणि त्याहून हळू सोड. नीट लक्ष दिलंस तर कळेल, श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात आणि सोडताना किंचित संथ होतात. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. श्वास सोडताना ती हृदयाला आवरते. म्हणजे हृदयावर तुझी थेट सत्ता नसली तरी श्वासाच्या दाराने तिथवर पोचता येतं. सोडणं लांबवलंस की हृदयाला सांगितलं जातं, वाघ गेला.

यावर इटलीतल्या लुचिआनो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी लोकांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्धांचा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा जास्त चांगली काम करायला लागली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण श्वासाची लय तीच. हे वाचलं तेव्हा मला आपल्या ओसरीवरचा हरिपाठ आठवला. आप्पा वीणा घेऊन मध्ये उभे, चरण एका दमात म्हणायचा, मग टाळ, मग पुढचा चरण. आपण लहान होतो, आपला दम मध्येच तुटायचा आणि आप्पा डोळ्यांनी सांगायचे, सावकाश. त्यांना व्हेगस ठाऊक नव्हती. संध्याकाळी शेतावरून दमून, कर्जाने वाकून आलेली माणसं त्या अर्ध्या तासानंतर सरळ होऊन घरी जायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तूही.

आपल्याकडे याची शास्त्रीय तपासणी नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेच योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजायला. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ध्यानाचा अभ्यास शिकवायला सुरुवात केली. औषधांनी न शमणाऱ्या वेदना घेऊन आलेली ती माणसं होती. वेदना पळवून लावण्याऐवजी तिच्याकडे शांतपणे पाहायचं, ती कुठे सुरू होते, कुठे वाढते, कुठे ओसरते हे बघायचं, असं ते होतं. ते आता जगभरच्या रुग्णालयांत शिकवतात.

आणि गोएंकागुरुजींची हकिगत तर तुला सांगायलाच हवी. सत्यनारायण गोएंका, १९२४ साली मंडालेत जन्मलेले मोठे व्यापारी. अर्धशिशीने इतके बेजार की मॉर्फिन घ्यावं लागायचं, परदेशातल्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेही ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे पुन्हा हिशेब तपासणारेच. डोकेदुखी बरी करायला आलो म्हटल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, हे एवढ्या लहान कामासाठी नाही. मन शुद्ध करायला ये, डोकेदुखी गेली तर ती सोबत जाईल. गोएंका पुढे शिकले, बरे झाले, १९६९ मध्ये भारतात येऊन विपश्यना शिकवू लागले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. आपल्या शहराचंही विपश्यना केंद्र आहे, धम्म अजंता. दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते. मला या हकिगतीत ऊ बा खिन यांचा तो नकार फार मोलाचा वाटतो. छातीतली धडधड थांबावी म्हणून नाम घेतलंस तर दर दोन मिनिटांनी तू तपासत बसशील, थांबली का, थांबली का, आणि ती वाढेल. धडधड आहे तर असू दे, मी इथे बसलो आहे, असं म्हणून बस. मग काय होतं ते पाहा.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. अमेरिकेत नर्सेस हेल्थ स्टडी नावाचा फार मोठा अभ्यास चालतो. आमच्याच पेशातल्या बायकांवरचा, म्हणून मला त्याचं अगत्य. त्यातल्या चौऱ्याहत्तर हजारांहून जास्त परिचारिकांचा १९९२ ते २०१२ या काळातला तपशील हार्वर्डच्या मंडळींनी पाहिला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांत, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा, त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होतं. प्रार्थनेनेच आयुष्य वाढलं असं याने सिद्ध होत नाही, तसं त्यांनीही म्हटलेलं नाही. पण कारणं शोधली तेव्हा त्यात माणसांचा आधार ठळकपणे पुढे आला, शिवाय धूम्रपान कमी, उदासी कमी, आशा जास्त. चार माणसं ठरल्या वेळी भेटतात, आज तू आला नाहीस म्हणून कुणीतरी विचारतं, हे औषध आहे.

बजाजनगरात नेमकं हेच तुटलं आहे, असं मला तुझ्याकडे राहून वाटलं. १९८५च्या नोव्हेंबरात वाळूजचा बजाजचा मोठा कारखाना राष्ट्रपती झैलसिंगांच्या हस्ते सुरू झाला आणि त्याच्या भोवती ही वस्ती वाढत गेली. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव, कुठून कुठून पोरं आली. घरं झाली, गाड्या आल्या, लेकरं इंग्रजी शाळेत गेली. हे सगळं कष्टाचं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण गावात सगळ्यांची संध्याकाळ एकच असायची. इथे एकाच इमारतीत एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. शेजारी भेटतो तो जिन्यात, डबा हातात घेऊन. पण तुझ्या वस्तीतही देवळांत भजनं होतात, आणि तुझ्या घरापासून चालत जावं इतक्या अंतरावर धाकटं पंढरपूर आहे. आषाढीला सगळं शहर रात्रीपासून पायी त्या धाकट्या पंढरपुराकडे लोटतं, दिंड्या, बायकांच्या डोईवर तुळशी, पावसाची भुरभुर. आणि तू त्या दिवशी रांग फार असते म्हणून जात नाहीस. रांगेत उभं राहू नकोस. नुसता चाल त्यांच्याबरोबर. चालणाऱ्या माणसांत चालणं, एवढंही पुष्कळ आहे.

तुझा पखवाज मी पाहिला. पलंगाखाली, खोळीत, धूळ खात. आप्पा गेल्यापासून तू त्याला हात लावला नाहीस असं वहिनी म्हणाली. डाव्या पुडीला ओली कणीक लावताना तू किती मन लावायचास रे! जरा थापायचास, कान द्यायचास, बोटाने चिमूटभर काढायचास, पुन्हा थापायचास, घुमारा मनासारखा येईपर्यंत कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाहीस. तेव्हा तुला काळजी आठवायची नाही. मी हे अध्यात्मच समजते. बोटं, कान आणि मन एका जागी येणं. तो पखवाज काढ. कणीक घरात आहे, वहिनी देईल.

काही बाबतीत मात्र मी कडक आहे. जागर, अखंड सप्ताहाचा रात्रीचा पहारा, हे तू करायचं नाही. तुझ्या शरीराचं घड्याळ तिसऱ्या पाळीने आधीच उलटं फिरलेलं आहे. पेशीपेशीत चालणाऱ्या या घड्याळाची यंत्रणा उलगडली म्हणून तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. ते घड्याळ उजेडावरून आपली वेळ लावून घेतं. पाळीहून परतताना डोळ्यांवर गडद चष्मा घाल, घरी खोली पुरती अंधारी कर, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पाळीच्या शेवटच्या तासांत चहा नको. झोप ही साधना समज. उपास करायचाच तर रक्तदाब, साखर तपासून डॉक्टरांना विचारून. दहा दिवसांच्या मौनालाही आत्ता लगेच जाऊ नकोस. मन फार अस्वस्थ असताना एकदम एवढं खोल उतरणं प्रत्येकाला सोसत नाही, म्हणून अर्जातच ते मानसिक आजाराबद्दल विचारतात. आधी घरी, रोज थोडा वेळ.

आणि कुणी अंगारा देऊन गोळ्या बंद कर म्हणालं तर त्याच्या दारात पुन्हा जायचं नाही. ज्या महाराष्ट्रात वारी चालते त्याच महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. त्या कायद्यात कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना धक्का लावलेला नाही. माणसाला नाडणाऱ्या अघोरी प्रकारांना तो गुन्हा ठरवतो. श्रद्धेची आणि फसवणुकीची सीमारेषा आपल्या राज्याने इतकी स्वच्छ आखून ठेवली आहे. "नाम कमी पडलं म्हणून आजार झाला" असं म्हणणाऱ्याचंही ऐकू नकोस. साखर वाढली तर आपण इन्सुलिन घेतो, त्याने भक्ती कमी होत नाही. मनाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती घ्यायची आणि हरिपाठही म्हणायचा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, आपल्या देशात दहा प्रौढांमागे जवळपास एकाला त्या वेळी मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तू एकटा नाहीस आणि तू नाटक करत नाहीस.

मनात कधी जिवाचं बरं-वाईट करण्याचा विचार आला, क्षणभरही आला, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लाव. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. तुझी पाळी कुठलीही असो, तिकडे कुणीतरी जागं असतं. हा नंबर फ्रिजवर लिहून ठेव. तुझ्यासाठी नाही लागला तर लाइनवरच्या एखाद्या पोरासाठी लागेल. आणि छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकली, दरदरून घाम आला, तर श्वास मोजत बसायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा, आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी थांबायचं नाही. हे मी परिचारिका म्हणून सांगते आहे.

रोजचं एवढंच कर. पाळीहून आलास की अंघोळ करून झोपायच्या आधी पाठ सरळ ठेवून बस. मनगटावर बोटं ठेव, श्वास सोडणं लांबव, आणि आप्पांच्या हरिपाठातले चार अभंग, आठवतील ते, मोठ्याने म्हण. देव मानत नसलास तर आप्पांसाठी म्हण. मग स्वतःला विचार, आज कुठे बिघडलं, कशाने. उत्तर एका ओळीत वहीत लिही. चुका मांडून स्वतःला फटकारायचं नाही, नाथांनी वही पाहिली तशी पाहायची. आणि ती वही वहिनीला दाखवायची तयारी ज्या दिवशी होईल त्या दिवशी मला फोन कर.

येत्या सुट्टीच्या दिवशी घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाव नोंदवायचं आहे. मी पैठणहून पहिल्या एसटीने निघते आणि मध्यवर्ती बसस्थानकावर तुझी वाट पाहते. वहिनीलाही घेऊन ये. नाही म्हणू नकोस.

तुझी,
ताई